निराकार खरा, निर्गुण नव्हे

एखादे अवघड काम कुणी नजाकतीने उरकले की आपण म्हणतो, मोठ्या सिफतीने केले. हा 'सिफत' शब्द मूळचा अरबी. तिकडे त्याचा अर्थ गुण, वर्णन, विशेषण. फारसीच्या वाटेने मराठीत पोचेपर्यंत तो कसबापुरता उरला. इस्लामी ईश्वरशास्त्रात मात्र याच शब्दाच्या अनेकवचनावरून, 'सिफात'वरून, शतकानुशतके कडाक्याचे वाद झाले. माणसे तुरुंगात गेली, त्यांनी फटके खाल्ले, पंथ उभे राहिले. वादाचा प्रश्न साधा दिसतो: अल्लाहला गुण आहेत असे म्हणतो, तेव्हा आपण नेमके काय म्हणत असतो?

मराठीत बोलताना आपण हा प्रश्न सुटलेलाच आहे असे धरून चालतो. 'इस्लाममध्ये ईश्वर निर्गुण निराकार मानतात' हे वाक्य भाषणांत आणि धर्मांची तुलना करणाऱ्या लेखांत सर्रास येते. त्यामागचा हेतू चांगला असतो. दुसऱ्याचा देव आपल्या घरच्या शब्दांत ओळखीचा करून घ्यावा, एवढीच इच्छा. पण या जोडशब्दाचा अर्धा भाग बरोबर आणि अर्धा भाग साफ चूक आहे. अल्लाहला आकार नाही, हे इस्लामी विद्वानांच्या मुख्य धारेला मान्य आहे. त्याला गुण नाहीत असे म्हणणे मात्र या परंपरेतल्या बहुसंख्य विद्वानांना धर्माच्या मुळावर घाव वाटला आहे. 'गुण काढून घेणारे' म्हणजे 'मुअत्तिला' ही त्यांच्या लेखी शिवी होती. आपण कौतुकाने जे म्हणतो ते त्यांच्या कानाला असे लागते, हे आपल्या गावीही नसते.

वादाचे बीज कुराणाच्या एका छोट्या आयतीत, म्हणजे वचनात, आहे. 42व्या सूरेतली, म्हणजे अध्यायातली, 11वी आयत सांगते: त्याच्यासारखे काहीही नाही, आणि तो ऐकणारा, पाहणारा आहे. पहिल्या अर्ध्यात सगळी साम्ये तोडून टाकली. ताऱ्याशी, माणसाशी, कल्पनेशी, कशाशीच तुलना नको. आणि श्वास घ्यायच्या आत दुसऱ्या अर्ध्यात 'ऐकणारा, पाहणारा' हे दोन शब्द आले, जे आपण रोज माणसांसाठी आणि जनावरांसाठी वापरतो. साम्य नाकारून ईश्वराला सृष्टीपलीकडे ठेवण्याला 'तन्झीह' म्हणतात. त्याला सृष्टीतल्या वस्तूंसारखा मानण्याला 'तश्बीह' म्हणतात. पुढच्या काळात जे पंथ झाले, त्यांतल्या प्रत्येकाने या आयतीचा एक अर्धा घट्ट धरला आणि दुसऱ्या अर्ध्याचे काय करायचे यावर ग्रंथ लिहिले.

गुणांशिवाय कुराण वाचताच येत नाही. 114 सूरांपैकी 9वी सोडली तर प्रत्येक सूरेच्या आरंभी दोन नावे येतात, रहमान आणि रहीम. दोन्ही दयेची, एकाच धातूतून निघालेली, आणि त्याच धातूतून गर्भाशयाचा अरबी शब्दही होतो. ईश्वराची 99 नावे आहेत असे सांगणारी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्तीची नोंद, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. नावांची प्रसिद्ध यादी तिर्मिझींच्या संग्रहात येते, आणि ती यादी पैगंबरांच्या तोंडची नसून पुढे निवेदकांनी जोडली असावी असे हदीसशास्त्राच्या अनेक जाणकारांनी म्हटले आहे. ही नावे माणसांच्या नावांतही उतरली. अब्दुल करीम म्हणजे उदाराचा सेवक, अब्दुल कादिर म्हणजे सामर्थ्यवानाचा सेवक. नुसते 'अब्दुल' म्हणून थांबलो तर सेवक तेवढा उरतो आणि कोणाचा ते राहून जाते. या परंपरेत गुणाशिवाय वाक्यच पुरे होत नाही, याचा याहून सोपा दाखला मला माहीत नाही.

आता अडचण कुठे येते ते पाहा. अल्लाह 'अलीम' आहे, म्हणजे जाणणारा. जो जाणतो त्याच्याकडे 'इल्म', ज्ञान, असणार. हे ज्ञान अल्लाहहून निराळे आहे का? निराळे असेल तर ते कधीपासून आहे? मागाहून आले म्हणावे तर आधी तो अज्ञानी होता असे होते. अनादि म्हणावे तर अल्लाहशिवाय आणखी एक अनादि वस्तू मान्य केली. तेच सामर्थ्याचे, इच्छेचे, वाणीचे. एकेश्वरवादाच्या पोटातून अनादि वस्तूंची रांगच बाहेर येऊ लागते.

ही अडचण फार तीव्रतेने जाणवली ती मुअतझिला विचारवंतांना. 8व्या शतकात बसरा शहरात वासिल इब्न अताच्या भोवती हा प्रवाह सुरू झाला. त्यांचा पहिलाच सिद्धांत तौहीद, ईश्वराचे एकत्व, आणि ते त्यांनी तर्काच्या शेवटच्या टोकापर्यंत नेले. गुण म्हणून निराळे काही नाही. अल्लाह स्वतःनेच जाणतो, स्वतःनेच समर्थ आहे. त्यांच्यातला अबुल हुझैल म्हणे, तो अशा ज्ञानाने जाणतो जे ज्ञान तो स्वतःच आहे. लोक त्यांना गुण नाकारणारे म्हणत, पण 'अल्लाह जाणतो' हे वाक्य त्यांनी कधीच नाकारले नाही. त्यांनी नाकारली ती वाक्यामागची वेगळी वस्तू. म्हणजे आपल्या निर्गुणाच्या सर्वांत जवळ जाणारे हे लोकसुद्धा पुरते निर्गुणवादी नव्हते.

मला मुअतझिलांबद्दल आदर आहे. भाषा आपल्याला फसवते, नाम आहे म्हणून त्याच्यामागे वस्तू असेलच असे नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखले. पण त्यांच्या विचाराचा इतिहासात जो उपयोग झाला तो लाजिरवाणा होता. 833 साली खलिफा मामूनने काझी आणि हदीसचे विद्वान यांची चौकशी सुरू केली. प्रश्न होता, कुराण निर्मित आहे की नाही. वाणी हा ईश्वराचा गुण. तो अनादि मानला तर ख्रिस्ती लोक येशूबद्दल जे म्हणतात तसेच होते, असा मामूनचा युक्तिवाद. युक्तिवाद विचार करण्याजोगा होता. पण तो पटवून देण्यासाठी त्याने शिपाई पाठवले. मामून त्याच वर्षी मेला, तरी चौकशी पुढच्या खलिफांनी चालूच ठेवली. अहमद इब्न हंबल यांनी तुरुंग सोसला, मुअतसिमच्या कारकिर्दीत फटके खाल्ले, पण कुराणात नाही आणि पैगंबरांनी सांगितले नाही ते मी म्हणणार नाही, ही भूमिका सोडली नाही. सुमारे 15 वर्षांनी खलिफा मुतवक्किलने हे सारे थांबवले तेव्हा लोकांच्या मनात इब्न हंबल वीर झाले होते आणि बुद्धिवाद सरकारी जुलमाचे दुसरे नाव झाला होता. मुअतझिला विचार पुढे सुन्नी जगात मागे पडला त्याची कारणे अनेक असतील; पण राजदंडाच्या आधाराने उभे राहिल्याचा डाग त्याच्यावरून पुसला गेला नाही.

इब्न हंबल ज्या परंपरेतले, तिची भूमिका त्यांच्या आधीच मदिनेच्या इमाम मालिक यांनी एका उत्तरात सांगून ठेवली होती. कुराणात 'रहमान सिंहासनावर स्थिरावला' असे वाक्य येते. एकाने विचारले, कसा स्थिरावला? मालिक यांनी मान खाली घातली, त्यांना घाम फुटला असे सांगतात. मग म्हणाले: स्थिरावणे माहीत आहे, 'कसे' ते बुद्धीला कळण्याजोगे नाही, त्यावर श्रद्धा ठेवणे कर्तव्य आहे आणि त्याबद्दल विचारत बसणे ही धर्मात नवी भर आहे. यातूनच 'बिला कैफ', म्हणजे 'कसे ते न विचारता', हे सूत्र रूढ झाले.

या सूत्राकडे पळवाट म्हणून पाहण्याची सवय आधुनिक वाचकाला असते. मलाही एके काळी तसेच वाटे. आता वाटते की त्यात एक कठोर प्रामाणिकपणा आहे. शब्दाचा अर्थ मला कळतो. ज्याला तो शब्द लावला त्याचे स्वरूप मला कळत नाही. म्हणून शब्द तिथे लावल्यावर काय होते याचे चित्र मी काढणार नाही. मालिक यांच्या उत्तरात विचारणाऱ्याला गप्प बसवणे आहे हे मी नाकारत नाही, आणि तेवढा भाग मला खटकतो. पण कळते कुठवर आणि कळेनासे कुठे होते, ती रेघ त्यांनी अगदी नेमकी ओढली.

10व्या शतकाच्या सुरुवातीला बसऱ्याच्याच अबुल हसन अशअरींनी मुअतझिलांचे घर सोडले. अनेक वर्षे ते जुब्बाई या मुअतझिला आचार्याचे शिष्य होते. त्यांनी इब्न हंबल यांची श्रद्धा घेतली आणि ती मांडायला मुअतझिलांचा तर्क वापरला. गुण खरे आहेत, अनादि आहेत, आणि ते 'तोच नाहीत आणि त्याच्याहून वेगळेही नाहीत'. हे सूत्र त्यांच्या आधी इब्न कुल्लाब यांनी घडवले होते. पहिल्यांदा ऐकताना शब्दांचा खेळ वाटतो. समजावताना काहींनी दहा आणि एक यांचा दाखला दिला. दहातला एक म्हणजे दहा नव्हे, आणि दहाला सोडून असलेले निराळे काहीही नव्हे. दाखला लंगडा आहे, कारण अल्लाहचे भाग पडत नाहीत. पण दाखले सगळे लंगडेच पडणार, हाच तर मूळ मुद्दा.

अशअरींच्या परंपरेत सात गुणांची मांडणी पक्की झाली: जीवन, ज्ञान, सामर्थ्य, इच्छा, श्रवण, दृष्टी, वाणी. सातच का, याला कारण आहे. जग अस्तित्वात आले म्हणजे सामर्थ्य हवे. त्यात नीट रचना आहे म्हणजे ज्ञान हवे. ते असेच झाले, दुसरे कसे झाले नाही, म्हणजे निवड करणारी इच्छा हवी. आणि हे तिन्ही जिवंतालाच शोभतात. उरलेले तीन मुख्यतः ग्रंथाच्या आधाराने आले. समरकंदच्या मातुरीदींनी त्यात निर्माण करण्याचा गुण, 'तक्वीन', वेगळा आणि अनादि मानून आठवा जोडला. दक्षिण आशियातले बहुसंख्य मुसलमान फिक्हमध्ये, म्हणजे धार्मिक कायद्यात, हनफी पंथाचे आहेत आणि त्यांची ईश्वरशास्त्राची परंपरा याच मातुरीदींची. तेव्हा आपण ज्यांच्याबद्दल 'निर्गुण' म्हणतो, त्यांच्या मदरशांत आठ अनादि गुण शिकवले जातात.

सर्वांत अवघड जागा मात्र या सात-आठ गुणांत नाही. ती हातात आहे, चेहऱ्यात आहे, सिंहासनात आहे. कुराण म्हणते, अल्लाहचा हात त्यांच्या हातांवर आहे. आदमला 'मी माझ्या दोन्ही हातांनी घडवले' असे म्हणते. इथे रस्ते फुटतात. काहींनी अर्थ अल्लाहवर सोपवला: शब्द वाचा, मान्य करा, पुढे जाऊ नका. काहींनी भाषेच्या आधाराने अर्थ लावला: हात म्हणजे सामर्थ्य किंवा कृपा, जसे आपणही म्हणतो की त्याच्या डोक्यावर अमुकाचा हात आहे. याला 'तावील' म्हणतात आणि 1210 मध्ये वारलेल्या फख्रुद्दीन राझींनी ते शिखरावर नेले. तिसरे म्हणाले, हात आहे म्हटले तर आहे म्हणा. तो आपल्यासारखा नाही एवढे पुरे.

या तिसऱ्या बाजूचा सर्वांत तगडा वकील म्हणजे दमास्कसचे इब्न तैमिया (1263 ते 1328). 1306 मध्ये याच मतांवरून दमास्कसमध्ये त्यांची चौकशी झाली, पुढे कैरोत कैद झाली, आणि शेवटही दमास्कसच्या किल्ल्यात, कैदेतच झाला. त्यांच्या कठोरपणाविषयी माझे मत फारसे चांगले नाही. पण गुणांच्या प्रश्नावर त्यांचा एक सवाल मला अजून कोणी पुरता परतवलेला दिसत नाही. ते अशअरींच्या अनुयायांना विचारत: हात म्हटले की माणसाचा हात आठवतो म्हणून तुम्ही अर्थ बदलता. मग इच्छा म्हटले की माणसाची इच्छा आठवत नाही का? ज्ञान म्हटले की माणसाचे ज्ञान? इच्छा तुम्ही 'त्याला शोभेल तशी' म्हणून ठेवता, तर हातही तसाच का ठेवत नाही? राझींच्या बाजूचे उत्तर असे की हात म्हणताच अवयव येतो, अवयव म्हणताच भाग येतात, दिशा येते, शरीर येते. ज्ञानात तसे काही अटळ नाही. उत्तराला वजन आहे. तरी सवाल उरतोच, कारण 'शोभेल तसे' ही सवलत कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे ठरवणारी आपलीच बुद्धी असते.

या सगळ्या भांडणाच्या मुळाशी एका विरामाची गोष्ट आहे. कुराणाच्या 3ऱ्या सूरेची 7वी आयत सांगते की काही आयती स्पष्ट आहेत आणि काही संदिग्ध. संदिग्धांचा अर्थ अल्लाहशिवाय कोणी जाणत नाही, आणि ज्ञानात मुरलेले लोक म्हणतात, आम्ही यावर श्रद्धा ठेवतो. आता 'अल्लाहशिवाय' इथे थांबायचे की 'ज्ञानात मुरलेले लोक' इथवर एका दमात वाचत जायचे? पहिल्या वाचनात अर्थ एकट्या अल्लाहला ठाऊक. दुसऱ्यात तो विद्वानांनाही ठाऊक, म्हणजे तावीलला दार उघडे. दोन्ही वाचने जुनी आहेत आणि दोन्हींमागे मोठी नावे आहेत.

शिया परंपरेची वाट वेगळी आहे आणि ती थोडक्यात सांगून भागण्यासारखी नाही, तरी एवढे सांगतो. बारा इमाम मानणाऱ्या इमामी विद्वानांनी गुण आणि झात, म्हणजे ईश्वराचे मूळ स्वरूप, एकच मानले. अलींच्या नावे संकलित प्रवचनांत पहिल्याच प्रवचनात येते की निष्ठेची परिपूर्ती त्याच्यापासून गुण दूर सारण्यात आहे. शियांच्याच दुसऱ्या शाखेतला, इस्माइली विचारवंत अबू याकूब सिजिस्तानी त्याहून पुढे गेला. ईश्वराला गुणवान म्हणू नका, आणि 'गुणवान नाही' असेही म्हणू नका, कारण नकार हेही वर्णनच. इथे निर्गुणाचा सूर लागतो हे खरे. पण सिजिस्तानी निर्गुण या शब्दालाही नकारच देईल.

आपल्या शब्दांतच बोलायचे तर शंकराचार्यांपेक्षा रामानुजाचार्य इथे जास्त उपयोगी पडतात. शंकराचार्यांच्या मांडणीत निर्गुण ब्रह्म अंतिम सत्य आणि सगुण ईश्वर ही त्याखालची पायरी. रामानुजाचार्यांनी 'निर्गुण'चा अर्थच बदलला: हीन गुण नसलेला, कल्याणगुणांनी मात्र परिपूर्ण. अल्लाहचे गुण ही चढून मागे टाकायची पायरी आहे, असे अशअरी किंवा मातुरीदी कधीच म्हणणार नाहीत. ते शेवटपर्यंत गुणच राहतात. फरक एवढा, की रामानुजाचार्यांचा ईश्वर दिव्य रूपही घेतो आणि इथे रूपाला जागा नाही. रूपाशिवाय गुण ही जोडी आपल्या सगुण-निर्गुणाच्या दोन खणांत बसतच नाही. खण अपुरे आहेत असे म्हणावे, वस्तू कापून बसवू नये.

याने एवढे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते ते प्रार्थनेपाशी. निर्गुणाकडे ध्यान लावता येते, त्याच्याकडे क्षमा मागता येत नाही. इस्लामी दुआची रीतच अशी की मागायचे ते नावाने मागायचे: क्षमा 'गफ्फार'कडे, अन्न 'रझ्झाक'कडे. अशअरी परंपरेतल्या गझालींनी (1058 ते 1111) नावांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात प्रत्येक नावाखाली माणसाचा वाटा कोणता ते सांगितले. अल्लाह 'रहमान' आहे तर तू गाफील माणसाला दूर लोटू नकोस. 'न्यायी' आहे तर आधी स्वतःच्या रागावर न्याय चालव. गुण हा इथे सिद्धांत राहत नाही, रोजच्या वागण्याचे माप होतो. हे सगळे 'निर्गुण' या एका शब्दाने आपण पुसून टाकतो, तेही सद्भावनेने. मला याचे फार वाईट वाटते, कारण सद्भावनेने केलेली चूक दुरुस्त करायला कोणी उठत नाही.

आणि वाद मेलेला नाही. 'अल्लाह कुठे आहे?' हा प्रश्न आजही एकमेकांची श्रद्धा तपासायला वापरतात. त्यामागे सहीह मुस्लिममधली एक हदीस आहे. पैगंबरांनी एका दासीला हाच प्रश्न विचारला, ती म्हणाली, 'आकाशात', आणि ते तिच्या मालकाला म्हणाले, हिला मुक्त कर, ही श्रद्धावान आहे. एका बाजूला हे उत्तर शब्दशः हवे असते. ते न देणारा 'मुअत्तिला' ठरतो. दुसरी बाजू ते शब्दशः घेणाऱ्याला 'मुजस्सिमा', देह मानणारा, म्हणून हिणवते. त्या हदीसचा शेवट एका दासीच्या सुटकेत होतो, हे दोन्हीकडच्या भांडणात कोणी बोलत नाही. मामूनने जे शिपायांकरवी केले ते आता एकमेकांना नावे ठेवून होते, एवढाच फरक. गुणांबद्दल मतभेद जरूर असावेत. मला स्वतःला तावीलपेक्षा बिला कैफ जवळचे वाटते. पण शब्द हीच श्रद्धेची परीक्षा करणे मला मान्य नाही, आणि त्याला आधार या परंपरेच्या आरंभीच सापडतो.

रहमान हे नाव मक्केच्या कुरैश जमातीला खटकत असे. 25व्या सूरेतच त्यांचा प्रश्न नोंदला आहे: रहमान म्हणजे काय? 17व्या सूरेत त्यावर उत्तरासारखी आयत येते: अल्लाह म्हणून हाक मारा किंवा रहमान म्हणून हाक मारा, सुंदर नावे सगळी त्याचीच. 628 साली मक्केजवळ हुदैबिया इथे पैगंबर आणि कुरैश यांच्यात तह ठरला. मसुदा लिहायला घेतला तो रहमान आणि रहीम या नावांनी. कुरैशांचा प्रतिनिधी सुहैल इब्न अम्र याने अडवले. हा रहमान कोण ते मला ठाऊक नाही, तुम्ही पूर्वी लिहायचात तसे लिहा, 'हे अल्लाह, तुझ्या नावाने'. सोबतचे मुसलमान अडून बसले. आम्ही दुसरे काही लिहिणार नाही म्हणाले. पैगंबरांनी सांगितले, तो म्हणतो तसे लिहा. तह त्या नावाशिवाय लिहिला गेला.